गीझर चालू आहे ना, मग झालं!

पुण्यात फ्लॅट भाड्याने घ्यायचा तर आधी आडनाव तपासलं जातं, मग ताट, मग लग्न झालंय का, आणि शेवटी फोटोसकट सगळी माहिती पोलीस चौकीत जाते. बाथरूमच्या भिंतीवर टांगलेल्या दोन हजार वॅटच्या यंत्राला मात्र कोणी नाव-गाव विचारत नाही. त्याची नोंद करारनाम्याच्या शेवटच्या पानावर असते: पंखे ४, ट्यूब ६, गीझर १, चालू. म्हणजे पाणी तापतं. नळाला हात लावला की बोटांत झिणझिण्या येतात, त्याला यादीत रकाना नाही.

तक्रार केलीच तर मालक म्हणतात, "आधीचे लोक तीन वर्षं राहिले, कधी बोलले नाहीत हो." ते सध्या कुठे असतात, हे विचारायचा धीर होत नाही. "आणि बटण बंद करून आंघोळीला जायचं असतं, एवढं तर लहान पोरालाही कळतं!" सल्ला उत्तम आहे. फक्त वायरिंग करणाऱ्याने बटण फेजऐवजी न्यूट्रलवर घेतलं असेल, तर बटण बंद, दिवा बंद, पाणी गार, आणि आतली कॉइल मात्र जिवंतच.

अखेर वॉचमनच्या ओळखीचा वायरमन येतो. टेस्टर लावतो, नारिंगी दिवा लागतो. "लाइट बरोबर येतेय, साहेब." लाइट येते याबद्दल साहेबांना शंका नव्हतीच, ती आपल्या अंगातून जाऊ नये, एवढीच त्यांची इच्छा होती. बरं, अर्थिंग? बोर्ड उघडला तर हिरवी वायर दिसते. सगळ्यांना हायसं वाटतं. जुन्या इमारतीत ती वायर पाण्याच्या लोखंडी पाइपला बांधलेली असायची. पुढे सोसायटीने गळती थांबवायला पाइप प्लॅस्टिकचे केले. वायर अजून निष्ठेने पाइपलाच धरून आहे. जमिनीशी तिचा संबंध सुटला, एवढंच.

"काही झालं तर एमसीबी पडतोच की," मालकांचं शेवटचं अस्त्र. एमसीबी पडतो तो वायर जळू नये म्हणून. माणूस दगावायला अँपिअरचा लहानसा अंश पुरतो. सोळा अँपिअरच्या एमसीबीच्या लेखी माणूस ही दखल घेण्याजोगी बाबच नाही. ती दखल घेणारं यंत्र वेगळं. आरसीसीबी तीस मिलिअँपिअर गळती दिसताच क्षणार्धात पुरवठा तोडतो. अनेक घरांत तो होताही. "सारखी लाइट जायची, म्हणून काढून टाकला."

कायदा? आहे ना. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात करार नोंदवला नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. जागा दुरुस्त ठेवणं हेही मालकाचंच काम, असं तिथे लिहिलंय. फक्त करारात उलटं ठरलं नसेल तर. आणि एजंटच्या छापील मसुद्यात उलटंच ठरलेलं असतं. इंग्लंडमध्ये २०२० च्या नियमांनुसार भाड्याच्या घराची वीज दर पाच वर्षांनी जाणकाराकडून तपासून अहवालाची प्रत भाडेकरूच्या हातात द्यावी लागते. लंडनला भाड्याने राहणारे आपले चिरंजीव ती प्रत हक्काने मागून घेतात. त्यांचाच कोथरूडचा फ्लॅट भाड्याने दिलेला आहे. तिकडचं बाबा बघतात.

एखादा भाडेकरू शहाणा निघतो. स्वतःच्या पैशाने आरसीसीबी बसवतो, खड्डा खणून अर्थिंग करून घ्यायला सोसायटीच्या चेअरमनच्या पायऱ्या झिजवतो, दर महिन्याला टेस्टचं बटण दाबून पाहतो. अकरा महिने संपतात. बाबा येतात, चष्मा लावून बोर्डाकडे बघतात आणि "विनापरवानगी फेरफार" म्हणून डिपॉझिटमधून हजार रुपये कापतात. आठवड्याने फ्लॅटची नवी जाहिरात झळकते: हवेशीर, शाकाहारी कुटुंबास प्राधान्य, बाथरूममध्ये आधुनिक शॉक-सुरक्षा. भाडं दीड हजाराने जास्त.