तीन पावत्यांचे नाना

‘बदलापूरला असता ना?’ असं नानांना कुणी विचारलं की हातातला चहा हमखास गार होतो. उत्तरच तेवढं लांब असतं. ‘स्टेशनाचं नाव बदलापूर. आम्ही कुळगावचे. बदलापूर गाव तिकडे पश्चिमेला, नदीच्या अंगाला. घोडे बदलायचे ना, ते तिकडे.’ घोडे बदलायची जागा म्हणून बदलापूर, ही कथा इथे शेंबड्या पोरालाही पाठ आहे. नानांचा तिला विरोध नाही. घोडे आपल्या हद्दीत बदलत नव्हते, एवढं फक्त समोरच्यानं लक्षात ठेवायचं.

असा एकेक माणूस या लाइनीवर स्टेशनागणिक सापडतो. अंबरनाथचा असेल तर शिलाहारांच्या शिवमंदिरापासून, म्हणजे इसवी सन 1060 पासून सुरुवात करतो आणि आपल्या गल्लीपर्यंत पोचायला त्याला कर्जत लागतं. उल्हासनगरचा बोलायला मोकळा. गावाला नाव मिळालं 1949 मध्ये, पण पत्ता सांगताना त्याच्या तोंडी अजून ‘कॅम्प नंबर चार’. लष्कर जाऊन जमाना झाला, निर्वासितांची नातवंडं दुकानाच्या गल्ल्यावर बसली, तरी कॅम्प काही उठत नाही.

नानांपाशी शिलालेख नाही आणि कॅम्पही नाही. त्यांच्यापाशी घरपट्टीच्या पावत्या आहेत.

बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. झाकण उघडायला चमचा लागतो, आणि तो चमचाही डब्याशेजारीच ठेवलेला असतो. आत तीन गठ्ठे. पहिला ग्रामपंचायतीचा. कागद पापडासारखा, निळी शाई मागच्या बाजूला उतरलेली. दुसरा 1983 नंतरचा. त्या वर्षी कल्याण महानगरपालिका झाली आणि डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर सगळे एका पंगतीत बसले. तिसरा 1992 नंतरचा, कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेचा. या गठ्ठ्याला रबर लावलंय ते नानांनी स्वतः, आधीच्या दोघांची रबरं कागदालाच चिकटून गेलीत. नाना तिन्ही गठ्ठे सतरंजीवर पत्त्यांसारखे मांडतात आणि म्हणतात, ‘घर हललं नाही. उंबरा हलला नाही. हद्दच तीनदा येऊन गेली.’

मधल्या नऊ वर्षांवर त्यांचा विशेष जीव. ‘ग्रामपंचायतीत मी लेंग्यावर जायचो. महानगरपालिकेत जायचं म्हणजे इस्त्रीची पँट आणि लोकलचं तिकीट.’ इथे ते थांबतात, कारण पुढचा मुद्दा त्यांचा हुकमी एक्का आहे. ‘आणि वाटेत काय लागायचं? उल्हासनगर! ते काही आमच्यात नव्हतं. म्हणजे आपल्याच पालिकेत जायला दुसऱ्याच्या अंगणातून जायचं.’ हे सांगताना त्यांना राग येतो म्हणावं, तर चेहऱ्यावर सुट्टीत मामाकडे निघालेल्या पोराचं हसू असतं.

त्यांचा भाचा नॉर्वेत नोकरीला आहे. त्यानं एकदा फोनवर सहज सांगितलं, की इकडे हाराम नावाची एक जुनी ग्रामीण पालिका आहे, 2020 मध्ये तिला शेजारच्या ऑलेसुंद शहरात घातली, आणि 1 जानेवारी 2024 ला ती पुन्हा वेगळी झाली. नाव ऐकून नानी आत निघून गेल्या. नाना मात्र खुर्चीत सरळ होऊन बसले. ‘चार वर्षांत सुटले? आम्ही नऊ काढली!’ आवाजात सहानुभूती होती आणि ज्येष्ठत्वही. मग हलकेच, ‘एखाद्याकडे तिकडची जुनी घरपट्टीची पावती मिळते का बघ रे. रद्दीतली चालेल.’

2001 ला गावची वस्ती लाखाच्या आत होती, 2011 ला पावणेदोन लाखांच्या घरात गेली. आलेल्या प्रत्येक नव्या बिऱ्हाडाला नानांनी कुळगाव आणि बदलापूर यातला फरक समजावला असावा, असा माझा दाट संशय आहे. मला स्वतःला तो दोनदा समजावला आहे. दुसऱ्यांदा तर टेम्पोतून माझं कपाट उतरत असताना.

गेल्या मे महिन्यात दादरला एका लग्नात आम्ही शेजारी जेवायला बसलो होतो. पलीकडच्या गृहस्थांनी जिलबी वाढून घेता घेता विचारलं, ‘आपण कुठे असता?’

मी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. आता घोडे, नदी, तीन गठ्ठे.

नानांनी मठ्ठ्याचा घोट घेतला आणि म्हणाले, ‘कल्याणच्या पुढे.’