जामकाठी वास्तव्य करण्याची शास्त्रोक्त पद्धती

कोणत्याही वस्तीत राहण्यासाठी घरभाडे, पाणीपट्टी आणि शेजारी या तीन गोष्टींची माहिती पुरेशी असते, असा जो सर्वसाधारण समज आहे तो पांढुर्ण्याच्या बाबतीत अपुरा ठरतो. कारण येथे राहणाऱ्याला आपण नदीच्या कोणत्या काठावर राहतो, राज्याच्या कोणत्या काठावर राहतो आणि वर्षातील कोणत्या तिथीला यांपैकी कोणता काठ महत्त्वाचा मानायचा, हेही ठाऊक असावे लागते. ही माहिती नगरपालिकेच्या सूचनाफलकावर मिळत नाही आणि शेजारी ती देतात ती चूक घडून गेल्यानंतर. सबब, मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींत, विशेषतः पांढुर्णा शहरात जाम नदीलगत, नव्याने बिऱ्हाड करू इच्छिणाऱ्यांच्या (ज्यांना येथून पुढे ‘नवागत’ म्हटले आहे) उपयोगासाठी प्रस्तुत मार्गदर्शन सिद्ध केले आहे.

१. काठाची निवड

जाम ही नदी म्हणून फार मोठी नाही. सातपुड्याच्या दक्षिण उतारावरून येऊन ती पांढुर्ण्यातून जाते, पुढे सौंसर तहसिलीत शिरते आणि कन्हानच्या पाण्यात मिळते. तिच्या एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव असून, दोन्ही काठांवरची दुकाने, शाळा, सोयरिकी आणि उधाऱ्या एकमेकींत इतक्या गुंतलेल्या आहेत की परक्या माणसाला तेथे दोन गावे दिसत नाहीत. नवागताने या दृष्टिभ्रमावर विश्वास ठेवू नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे पाडव्याला, ही दोन गावे अत्यंत स्पष्टपणे दिसू लागतात.

घर पाहताना नवागताने खोल्यांची संख्या, नळाची वेळ आणि छपराचा प्रकार या क्रमाने चौकशी करावी. मात्र घर नदीच्या अगदी लगतचे असल्यास हा क्रम उलटा करून छपरापासून आरंभ करावा. कौलारू छप्पर दिसायला देखणे असले तरी ते पाडव्याच्या दृष्टीने अव्यवहार्य होय. काठ कोणता निवडावा याविषयी शास्त्र तटस्थ आहे. निवडलेला काठ मात्र बदलता येत नाही, कारण भाडेकरार अकरा महिन्यांनी संपला तरी ‘सावरगावचा’ किंवा ‘पांढुर्ण्याचा’ ही ओळख संपत नाही.

२. सीमांची उतरंड

या प्रदेशातील रहिवासी एकाच वेळी तीन सीमांवर राहतो. पहिली सीमा राज्याची आहे. जुन्या मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी नागपूर होती, तोवर छिंदवाडा जिल्ह्यातील मराठी भाषकाला राजधानी आपल्याच बाजूला असल्याचे समाधान होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ मराठी जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला, आणि सौंसर–पांढुर्णा पट्ट्यातील मराठी माणूस जागचा न हलता भोपाळच्या अखत्यारीत गेला. दुसरी सीमा जिल्ह्याची आहे. क्षेत्रफळाने मध्य प्रदेशातील सर्वांत मोठा असलेला छिंदवाडा जिल्हा विभागून ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींचा नवा पांढुर्णा जिल्हा करण्यात आला व राज्यातील जिल्ह्यांची संख्या ५५ झाली. तिसरी सीमा जाम नदीची असून ती पायी ओलांडता येते.

या तिन्ही सीमांचे महत्त्व त्यांच्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात असते, हा या शास्त्राचा मूलभूत सिद्धांत होय. शेकडो किलोमीटर लांबीची राज्यसीमा कापूस, संत्री, वधू, वऱ्हाडी आणि रुग्ण यांपैकी कोणालाही अडवत नाही; ‘एमपी २८’ अशा पाटीची मोटार नागपूरच्या इस्पितळासमोर उभी असलेली पाहून कोणी वळूनही पाहत नाही, कारण भोपाळच्या मानाने नागपूर फार जवळचे आहे. जिल्ह्याच्या सीमेने मुख्यतः अर्जावरील पत्ता बदलला. काही पावलांच्या रुंदीची जाम मात्र वर्षातून एक दिवस अशी रुंदावते की तिच्यापुढे दोन राज्ये मिळूनही अपुरी पडावीत.

३. भाषेचा विनियोग

येथे दोन भाषा चालतात आणि त्यांपैकी कोणतीही एकच भाषा सर्वत्र चालवू नये. घरात, शेतात आणि भांडणात नागपुरी–वऱ्हाडी वळणाची मराठी वापरावी, जिच्यात ‘मला’ हे ‘मले’, ‘का’ हे ‘काहून’ आणि ‘करतो आहे’ हे ‘करून राहिलो’ होते. कचेरीत, शाळेच्या कागदपत्रांत आणि पोलीस ठाण्यात हिंदी वापरावी. बाजारात मात्र वाक्य मराठीत सुरू करून भाव हिंदीत सांगावा आणि घासाघीस पुन्हा मराठीत करावी. यात व्याकरणाची हानी होत असली तरी पैशांची होत नाही.

पुण्याकडून आलेल्या नवागताने विशेष दक्षता घ्यावी, कारण अतिशुद्ध प्रमाण मराठीत पत्ता विचारल्यास ऐकणारा आदरापोटी हिंदीत उत्तर देण्याचा संभव असतो. वयाने मोठ्या पुरुषास ‘काकाजी’, समवयस्कास ‘भाऊ’ आणि कोणाही आदरणीय व्यक्तीच्या वाक्याला ‘हो जी’ म्हणावे. पहिल्या आठवड्यात शेजारच्या ओट्यावरून ‘तुमी कोनाकडचे जी?’ असा प्रश्न येईल. या प्रश्नाचा अर्थ ‘तुम्ही कोणत्या गावचे’ असा नसून ‘आमच्यापैकी कोण तुम्हाला ओळखतो’ असा असतो, म्हणून उत्तरादाखल आपल्या जन्मगावाचे वर्णन न करता नरखेड, वरूड, काटोल किंवा मुलताई येथील एखाद्या नातेवाइकाचे नाव सांगावे. नातेवाईक नसल्यास सोयरीक जुळेपर्यंत नम्र राहावे.

४. कार्यालयीन परिभाषा

महाराष्ट्रातून आलेल्या नवागतास आपली प्रशासकीय शब्दसंपदा सीमेवरच ठेवून यावी लागते. जो अधिकारी तिकडे तलाठी असतो तो इकडे पटवारी होतो. तिकडचा सातबारा इकडे खसरा होतो. पंचायत समितीची जनपद पंचायत होते. आणि कुटुंब या संस्थेस ‘समग्र आयडी’ नावाचा क्रमांक मिळाल्याशिवाय तिचे अस्तित्व शासनाला मान्य नसते. ज्या शेतकऱ्याचे एक शेत पांढुर्णा तहसिलीत आणि दुसरे वरूड किंवा नरखेडच्या हद्दीत असते, तो बांधावर उभा राहून दोन्ही परिभाषा अस्खलित बोलतो. द्विभाषिकतेचा याहून उपयुक्त नमुना भाषाशास्त्राला क्वचितच सापडेल.

बहिणींच्या बाबतीत स्थिती अधिक नाजूक आहे. मध्य प्रदेश शासनाने २०२३ मध्ये दरमहा १,००० रुपयांनी ‘लाडली बहना’ योजना सुरू केली आणि महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये दरमहा १,५०० रुपयांनी ‘लाडकी बहीण’ सुरू केली, त्यामुळे पांढुर्ण्याची मुलगी नरखेडला दिली की ती लाडलीची लाडकी होते आणि उलट दिशेने आलेली सून लाडकीची लाडली. या योजनांच्या रकमा पुढे बदलल्या असल्या तरी आरंभीच्या ५०० रुपयांच्या फरकाचा उल्लेख लग्नाच्या बैठकीत करू नये. तो सर्वांना आधीच ठाऊक असतो.

५. संत्र्यासंबंधीचा शिष्टाचार

हा पट्टा नागपुरी संत्र्याचा आहे, जरी नावातील नागपूर दुसऱ्या राज्यात असले तरी. संत्र्याचे दोन बहार असतात: हिवाळ्याच्या अखेरीस फुलून दिवाळीच्या आसपास निघू लागणारा आंबिया, आणि पावसाच्या आरंभी फुलून फेब्रुवारी–मार्चमध्ये येणारा मृग. झाडाला फुलोरा यावा म्हणून काही काळ पाणी तोडतात, त्याला ‘ताण देणे’ म्हणतात. शेतकऱ्याला स्वतंत्रपणे ताण देण्याची आवश्यकता नसते, कारण ते काम गारपीट, कोळशी व डिंक्या हे झाडांचे रोग आणि व्यापारी मिळून पार पाडतात. बगीचा बहुधा झाडावरच विकला जातो, म्हणजे फळ तोडण्याआधीच व्यापारी नजरेने अंदाज घेऊन एकरकमी सौदा करतो, आणि या अंदाजात दोन्ही पक्ष आपण फसलो असे सांगतात.

हंगामात नवागताने संत्री विकत घेऊ नयेत. विकत घेतलेली पिशवी घेऊन गल्लीतून जाणे म्हणजे आपली येथे कोणाशीही ओळख नाही असे जाहीर करणे होय. योग्य पद्धती अशी की शांत बसावे. पहिल्या वर्षी शेजारी ‘चुरी’, म्हणजे बाजारात न चालणारी लहान फळे पाठवील, दुसऱ्या वर्षी मध्यम आकाराची आणि तिसऱ्या वर्षी चांगली पाठवील, आणि फळाच्या आकारावरून नवागताला आपले सामाजिक स्थान अचूक मोजता येईल.

६. सौंसरशी संबंध

पांढुर्ण्यात राहणाऱ्याने सौंसरचे नाव आदराने घ्यावे आणि जिल्हा मुख्यालयाचा विषय काढू नये. नव्या जिल्ह्याची घोषणा मुख्यमंत्र्यांनी २४ ऑगस्ट २०२३ रोजी जामसावळी येथे केली, म्हणजे पहुडलेल्या हनुमानासाठी प्रसिद्ध असलेल्या आणि सौंसर तहसिलीत मोडणाऱ्या तीर्थस्थानी. अर्थात घोषणा सौंसरच्या भूमीवर आणि कलेक्टर पांढुर्ण्याला, अशी वाटणी झाली. रेल्वेच्या बाबतीतही पांढुर्णा नागपूर–इटारसी या मुख्य मार्गावर बसलेले असताना सौंसरने अनेक दशके नॅरो गेजच्या छोट्या गाडीवर संयम शिकला, आणि २०१५ मध्ये ती गाडी रूळ रुंद करण्यासाठी बंद झाल्यावर तर ब्रॉडगेजची वाट पाहताना तो संयम पुन्हा तपासून घेतला.

अशा प्रसंगी सौंसरकरांसाठी उपलब्ध असलेले उत्तर भूशास्त्रातून मिळते. मध्य भारतातील मँगनीजधारी खडकांच्या एका अतिप्राचीन पट्ट्याला भूवैज्ञानिक ‘सौंसर समूह’ म्हणतात. हा पट्टा अविभाजित छिंदवाडा, नागपूर, भंडारा आणि बालाघाट जिल्ह्यांतून जातो, आणि त्यातील खडकांचे वय काही कोटी नव्हे तर सुमारे १०० कोटी वर्षे किंवा त्याहूनही अधिक मानले जाते. पांढुर्ण्याच्या नावाचा असा कोणताही समूह नाही. कलेक्टरची बदली होते, खडकांची होत नाही, हे सौंसरकराने म्हणावे आणि पांढुर्णेकराने ऐकून घ्यावे.

७. पाडव्याचा दिवस

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी होते, पोळ्याच्या दिवशी झूल, बेगड आणि झडत्या (तोरणाखाली बैलजोड्या उभ्या करून म्हटली जाणारी चुरचुरीत पद्ये) यांचा थाट असतो. दुसऱ्या दिवशी नागपूर मारबतीची मिरवणूक काढून रोगराई गावाबाहेर हाकलते. त्याच दिवशी पांढुर्ण्यात गोटमार होते, म्हणजे दोन काठांवरून एकमेकांवर दगडगोटे फेकले जातात. पहाटे नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात आणि त्याची पूजा करतात. मग तो झेंडा तोडून नेण्यासाठी पांढुर्ण्याचे लोक पुढे सरतात आणि सावरगावचे लोक त्यांना अडवतात. पांढुर्ण्याचा एक तरुण सावरगावच्या मुलीला घेऊन पळाला, नदीच्या मध्यात दोघांवर दोन्ही काठांवरून दगड पडले आणि दोघेही मेले, अशी यामागची लोककथा आहे. संध्याकाळी झेंडा चंडीमातेच्या देवळात जातो आणि दोन्ही काठ पुन्हा एकमेकांच्या उधारीत रुजू होतात.

या दिवसासंबंधीच्या सूचना पाळण्यास सोप्या आहेत: खिडक्यांना पत्रे लावावेत, गाडी दूरच्या नातेवाइकाकडे ठेवावी, छतावर चढू नये आणि मामा दुसऱ्या काठावर असल्यास त्याला आदल्या दिवशीच भेटून यावे. शासनाच्या सूचनाही असतात. जमावबंदीचे आदेश निघतात, दारूची दुकाने बंद होतात, गोफणीला मनाई होते, रुग्णवाहिका उभ्या राहतात. एकदा तर दगडांऐवजी रबरी चेंडू पुरवून पाहण्यात आले, परंतु लोक पुन्हा दगडांकडेच वळले. शासनाची चूक अशी की त्याने दगड हा समस्येचा विषय मानला, वस्तुतः विषय काठ हा आहे, आणि चेंडू लागल्याने कोणत्याही काठाचा मान राखला जात नाही.

येथे या मार्गदर्शनाला आपला स्वर बदलणे भाग आहे. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात, काहींचे डोळे आणि हातपाय कायमचे जातात, आणि या मेळ्यात माणसे मेलेलीही आहेत. ज्या प्रेमी युगुलाच्या मृत्यूचा शोक म्हणून ही प्रथा सांगितली जाते, त्या युगुलाला मारणारी कृतीच तिच्यात दरवर्षी पुन्हा केली जाते, ही विसंगती दोन्ही काठांना दिसते. पण ती बोलून दाखवणारा आधी कोणत्या काठाचा, हा प्रश्न त्याच्या मुद्द्याच्या आधी विचारला जातो. उपचारांच्या तंबूत मात्र तो विचारला जात नाही. तेथे दोन्ही गावचे जखमी शेजारी बसून टाके घालून घेतात आणि एकमेकांच्या घरच्यांची विचारपूस करतात.

८. पात्रता

वास्तव्य पूर्ण झाले हे ओळखण्याची कसोटी वर्षांवर अवलंबून नसते. नागपूर, इंदूर किंवा पुण्याच्या एखाद्या पाहुण्याने गोटमारीला रानटी म्हणताच जो माणूस चंडीमाता, परंपरा आणि पूर्वजांचे शौर्य यांच्या बाजूने अर्धा तास बोलू शकतो, आणि पाडव्याच्या सकाळी तोच माणूस स्वतःच्या सोळा वर्षांच्या मुलाला ‘बाहेर पाय टाकला तं पाहाच!’ असे सांगून दाराला बाहेरून कडी लावतो, तो जामकाठचा पक्का रहिवासी समजावा. या दोन कृत्यांपैकी एकच करणारा अजून नवागतच होय, मग त्याला संत्री कितीही मोठी येत असोत. दोन्ही करणाऱ्यास अधिक कोणत्याही पुराव्याची गरज नाही; तहसील कार्यालयास तरीही पुरावा हवा असल्यास ‘मूल निवासी’ प्रमाणपत्राचा अर्ज हिंदीत भरावा, समग्र आयडी जोडावा, आणि पत्त्याच्या रकान्यात काठाचा उल्लेख करू नये, कारण खिडकीपलीकडचा बाबू दुसऱ्या काठचा असू शकतो.