पाव्हणं, हत्यार कुठलं घेऊ?

(साताऱ्यात सुभेदारांचं घर. सुभेदार मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले. नंतर बँकेच्या दारात डबल बॅरल घेऊन बसायचे, आता तेही सोडलंय. शेठ विट्याकडचे गलाईवाले: कोइमतूरला सोन्या-चांदीची भट्टी, गावाकडं बंगला. शेठचा मुलगा आणि सुभेदारांची मुलगी यांचं ठरलंय, तारीख निघायचीय. टीपॉयवर शेठनी आणलेलं भडंग आणि घरचे कंदी पेढे. सुभेदारांच्या बाई आत-बाहेर करतायत.)

शेठ: तारखेचं नंतर बघू सुभेदार. आधी एक सल्ला द्या. मला हत्यार घ्यायचंय.

सुभेदार: ऊसतोडीला?

शेठ: कोयता न्हाय ओ. रिव्हॉल्व्हर. घरी असलो की उशाला, बाहेर पडलो की कमरंला.

सुभेदार: आणि तुम्ही बाहेर असताना घराला काय?

शेठ: (विचार करून) मग दोन घेऊ.

सुभेदार: संपला कोटा. पूर्वी एका माणसाला तीन चालायची, 2019 च्या दुरुस्तीनंतर दोनच.

शेठ: कोट्याचं सोडा, माल सांगा. माझ्या मनात नऊ एमएम हाय. पिक्चरमधी असतंय तसलं.

सुभेदार: ते फौजेचं आणि पोलिसांचं. प्रतिबंधित बोअर. तुमच्या-आमच्या वाट्याला बत्तीस बोअर.

शेठ: मग विलायती बघू एखादं.

सुभेदार: आयात 1980 च्या दशकातच बंद झाली. त्याआधी जी आली तीच म्हातारी होऊन हातोहात फिरतायत, आणि वय वाढेल तसा भाव वाढतोय. परवाना असला तरी ती परवडत नाहीत.

शेठ: म्हंजी गावठीच घ्यायचं?

सुभेदार: गावठी हा शब्द या घरात काढू नका! गावठी कट्टा कमरेला सापडला की कमीत कमी दोन वर्षं आत, जास्तीत जास्त पाच. वर तो फुटतो कुठल्या बाजूनं ते झाडणाऱ्यालाही माहीत नसतं. देशी म्हणा. कानपूरचं, सरकारी कारखान्याचं.

शेठ: बरं, देशी. रिव्हॉल्व्हर का पिस्तूल?

सुभेदार: आता मुद्द्याचं बोललात. पिस्तुलाला मॅगझीन असतं, गोळ्या जास्त बसतात, चपटं असतं म्हणून अंगाला बोचत नाही. पण त्याची सवय लागते. स्लाइड ओढा, सेफ्टी बघा, गोळी अडकली तर काढा. मॅगझीन काढलं म्हणजे रिकामं झालं असं नवशिक्याला वाटतं आणि चेंबरमधली एक आतच राहते. बरेचसे अपघात त्या एका गोळीचे. रिव्हॉल्व्हरला सहा घरं. उघडलं की भरलंय का रिकामं ते डोळ्यांना दिसतं. एखादी गोळी मुकी निघाली तर पुन्हा घोडा दाबा, पुढची समोर येते. नवख्या हाताला रिव्हॉल्व्हर.

शेठ: ठरलं. दाखवा नावं.

सुभेदार: 2014 साली निर्भीक आलं. बायकांसाठी म्हणून. वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या घरात.

शेठ: (डोळे मिटून) तवाच्या भावानं चार तोळं.

बाई: (दारातून) बायकांसाठी? चार तोळ्यांचं? त्या बाईला चार तोळे देऊन विचारायचं होतं, काय पाहिजे म्हणून.

सुभेदार: 2023 साली प्रबल आलं. त्याचं सिलिंडर बाजूला उघडतं, जुन्यांसारखी मान मोडावी लागत नाही. मारा 50 मीटर.

शेठ: पन्नास? माझा हॉल वीस फुटांचा हाय.

सुभेदार: मग उरलेले शेजाऱ्याच्या हॉलमध्ये. गोळी वीस फुटांत कुठं लागते ते मी फायरिंग रेंजवर पाहिलंय. तीही उजेडात आणि चहा घेतलेल्या जवानांची; मग अंधारात, झोपेतून उठलेल्या, हात थरथरणाऱ्या माणसाचं काय? आणि किमतीवर जीएसटी धरा.

शेठ: तीन टक्के. धरला.

सुभेदार: तो तुमच्या सोन्यावर. रिव्हॉल्व्हरवर 22 सप्टेंबर 2025 पासून चाळीस.

शेठ: चाळीस! आवं, चाळीस तर कोल्ड्रिंकवर!

सुभेदार: सरकारनं दोघांना एका पंगतीला बसवलंय.

शेठ: (घाम पुसत) बसू द्या. इज्जतीचा सवाल हाय. औंदा जत्रंला कमरंला लावून पालखीम्होरं चाललो की गाव बघत राहील.

सुभेदार: जत्रेत नेता येत नाही.

शेठ: मग पोराच्या वरातीत.

सुभेदार: हत्यार मिरवायचंच नाही, असं 2016 चे नियम सांगतात. परवान्याच्या अटींतही असतं: जत्रा, धार्मिक मिरवणूक, सभा, शाळा-कॉलेजाचं आवार, इथं खास परवानगीशिवाय न्यायचं नाही. वरातीत हवेत एक बार काढलात तर दोन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. नवरदेव मांडवात आणि नवरदेवाचा बाप चौकीत.

शेठ: आवं, जत्रा, लग्न आणि मिरवणूक सोडली तर आम्ही गलाईवाले गावाकडं येतोच कशाला?

बाई: अगदी खरं. एरवी बंगल्यात पारवेच असतात.

शेठ: बरं, गाव ऱ्हायलं. प्रवासात तरी? माल असतोय जवळ.

सुभेदार: परवान्यावर हद्द लिहिलेली असते. जिल्हा, नाहीतर राज्य. अख्खा देश सहजासहजी मिळत नाही. मिरजेहून तुमची गाडी सुटली आणि शेडबाळ आलं, की कर्नाटक. तिथून कोइमतूरपर्यंत तुमच्या कमरेला हत्यार नसतं, गुन्हा असतो.

शेठ: म्हंजी मिरज ते शेडबाळ एवढाच मी सुरक्षित.

सुभेदार: तेही अलीकडच्या विजयनगर स्टेशनापर्यंत. (उठून कपाट उघडतात. आधी एका किल्लीनं लोखंडी पेटी, मग दुसऱ्या खोलीतून दुसरी किल्ली. तेलकट फडक्यात गुंडाळलेली बारा बोअर बाहेर काढतात, मोडतात, दोन्ही नळ्यांतून खिडकीकडं बघतात, पुन्हा मिटून बाजूला ठेवतात. पेटीच्या तळातून टाचणी लावलेला कागदांचा गठ्ठा काढतात.) हे बघा.

शेठ: शिकारीचे फोटो?

सुभेदार: पावत्या. पोलीस ठाण्यात जमा केल्याच्या. लोकसभा आली, जमा. विधानसभा आली, जमा. झेडपी, नगरपालिका, जमा. बँकेत होतो तेव्हा पहारेकरी म्हणून सूट मिळायची, आता मी नुसता नागरिक. या बंदुकीनं माझ्यापेक्षा ठाणे अंमलदाराची जास्त राखण केलीय.

शेठ: माझा आजा तुफान सेनेत होता. पत्री सरकार म्हणलं की गोरा साहेब चळाचळा कापायचा. त्यांनी कवा पावती घेतली?

सुभेदार: त्यांनी परवानाही घेतला नव्हता. पण त्यांच्यापुढं इंग्रज होता. तुमच्यापुढं कोण आहे?

शेठ: चोर! 2023 च्या जूनमधी सांगलीत मिरज रोडला सराफी दुकान भरदिवसा लुटलं, इसरला का? पोलीस हाय म्हणून आत शिरले. तिथं माझ्याजवळ असतं तर...

सुभेदार: तर तेही घेऊन गेले असते. बरं, आपण करून बघू. डोळे मिटा. रात्रीचे दोन. तुम्ही झोपलाय. मागं खुडबूड झाली. उठा.

शेठ: (डोळे मिटून उठतात) उठलो.

सुभेदार: काय करताय?

शेठ: चष्मा शोधतोय.

सुभेदार: चोर स्वैपाकघरात आला.

शेठ: सापडला. आता... जरा बाथरूमला जाऊन येतो. शुगर हाय मला.

सुभेदार: चोर देवघरात.

शेठ: आलो. कपाट. किल्ली... किल्ली हिच्या कमरंला. आगं ए!

सुभेदार: आता चोरालाही कळलं तुम्ही जागे आहात. काडतुसं कुठायत?

शेठ: तिथंच न्हाय का?

सुभेदार: घरात लहानसहान पोरं येतात म्हणून वेगळी ठेवलीत, असं परवा तुम्हीच शपथपत्रावर लिहून दिलंय. माळ्यावर आहेत. स्टूल घ्या.

शेठ: घेतलं. भरलं. कोण हाय रं तिकडं? ... उडवलं!

सुभेदार: डोळे उघडा. तुमचा मुलगा होता. मित्राच्या हळदीहून आला, हाक मारली तर बाप ओरडेल म्हणून गुपचूप मागच्या दारानं शिरला.

(कुणीच काही बोलत नाही. शेठ भडंगाची वाटी उगाच पुढं-मागं करतात.)

बाई: आणि मागच्या दाराला कोयंडा नाही. घर बघायला आले होते तेव्हा पाहिलं मी. सुतळीनं बांधलंय.

शेठ: ते... सुतार मिळंना.

बाई: आणि बंदूकवाला मिळाला.

शेठ: (सावरून) चोर ऱ्हाऊ द्या. जनावर आलं तर? 2021 च्या डिसेंबरात सांगलीच्या मार्केट यार्डात गवा घुसला हुता. तुमच्या कराडच्या उसात तर बिबट्याची बाळंतपणं हुत्यात.

सुभेदार: गव्याला बत्तीस बोअर म्हणजे हे भडंग फेकून मारल्यासारखं. तो फक्त वळून बघेल, आणि तेच वाईट. बिबट्याला मारलात तर 1972 च्या वन्यजीव कायद्यानं वनखातं तुम्हाला पिंजऱ्यात घालेल. वनखात्याला फोन करा, त्याला परवाना लागत नाही.

शेठ: कायदा मला संरक्षणाचा हक्क देतो का न्हाय?

सुभेदार: देतो की. भारतीय न्याय संहिता, कलम 34 ते 44. रात्री घरफोडी करून कुणी आत आला, दरोडा घातला, तर वेळप्रसंगी जीव घेण्यापर्यंत हक्क जातो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, हेही तिथंच लिहिलंय. चोर गडगा ओलांडून उसात पळाला आणि तुम्ही मागनं पाठीत घातली, की तो फिर्यादी आणि तुम्ही आरोपी. गरज किती होती ते ठरवायला कोर्टाला सात वर्षं मिळतात, तुम्हाला सात सेकंद.

शेठ: (खिशातून घडी केलेला अर्ज काढत) तरी मी अर्ज आणलाय. कलेक्टर हापिसात द्यायचा. डॉक्टरचा दाखला, शिकल्याचा दाखला, समदं जोडतो. फकस्त ह्या एका रकान्याला अडलोय. परवाना कशासाठी पाहिजे?

सुभेदार: जिवाला धोका. कुणापासून ते लिहा.

शेठ: चोर असं लिहू?

सुभेदार: त्याचं नाव, पत्ता? पोलीस पाटलापासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांना विचारतात हो. अहवाल ठाण्यातून जातो.

शेठ: शेजारी माझा चुलतभाऊ. बांधावरनं वाद हाय. एक फूट सरकवलाय त्यानं. मागच्या दिवाळीला म्हणला, बघून घेतो.

सुभेदार: मग लिहा त्याचं नाव.

शेठ: भावकीतलं? लग्नात पहिला आहेर त्याचा असतोय!

बाई: (पदर खोचून बाहेर येतात) पाव्हणं, ऐका माझं. शुगर तुम्हाला आहे, ब्लडप्रेशर आहे, भावकीशी वाद आहे. त्यात कपाटात सहा गोळ्यांचं हत्यार. आमची पोरगी रात्री पाणी प्यायला उठली तर? त्या घरात मी लेक देणार नाही. अर्ज तरी भरा, नाहीतर तारीख तरी काढा.

(शेठ बराच वेळ अर्जाकडं बघतात. मग घडी घालून खिशात ठेवतात. एक कंदी पेढा तोंडात टाकतात.)

शेठ: काढा तारीख.

सुभेदार: शहाणे आहात. आता सांगायला हरकत नाही. तुमचा तो चुलतभाऊ मागच्या महिन्यात येऊन गेला माझ्याकडं. रिव्हॉल्व्हर घेऊ का पिस्तूल, म्हणून विचारत होता. त्याचा अर्ज गेलाय.

शेठ: त्याला कसला धोका?

सुभेदार: त्या रकान्यात तुमचं नाव आहे. पोलीस येतील चौकशीला, या आठवड्यात.

शेठ: आयला! काय सांगू त्यास्नी?

सुभेदार: खरं ते सांगा. माझ्याकडं हत्यार नाही, आणि घ्यायचा विचारही नाही.

बाई: मागच्या दाराला कोयंडा नाही, तेवढं मात्र सांगू नका.