रेसतज्ज्ञ

तालुक्याच्या गावी, मार्केट यार्डाच्या रस्त्यावर एखाद्या पिकअपचे बॉनेट उघडले की दोन-तीन मिनिटांत जो इसम तिथे हजर होतो, त्याला रेसतज्ज्ञ म्हणावे. तो मिस्त्री नसतो आणि गाडीचा मालकही नसतो. त्याच्या नावावर बहुधा एक मोटारसायकल असते, तीही भाच्याकडे. तरीही ‘हिची रेस वाढलीय’ हे तो मिस्त्रीच्या आधी जाहीर करतो. ड्रायव्हर मघापासून नेमके तेच सांगत असतो, ही गोष्ट वेगळी.

गरम झालेले डिझेल इंजिन जागेवर उभे असताना मिनिटाला साधारण ७५० ते ८५० फेरे घेते; हीच त्याची रेस. ते १२०० च्या वर जाऊन तिथेच अडून बसले, तर कारण शोधावे लागते. जुन्या मालवाहू गाड्यांत फेरे दाखवणारा काटा अनेकदा नसतोच, आणि रेसतज्ज्ञाचे फावते ते इथेच. तो डोळे मिटतो, तळहात मडगार्डवर टेकवतो, तंबाखूचा बार सांडू नये म्हणून हनुवटी वर करतो आणि एकच शब्द उच्चारतो : ‘पंप.’

जाणता मिस्त्री आधी विचारतो, रेस गार इंजिनाला वाढते की गरम? थंडीत पहाटे गाडी चालू केल्यावर थोडा वेळ रेस चढी राहते, ती मुद्दाम तशी ठेवलेली असते. इंजिन तापले की आपोआप उतरते. रेसतज्ज्ञाची सगळी कीर्ती अशाच एखाद्या पहाटेची कमाई असते. त्याने बॉनेटवर थाप मारली, रेस उतरली आणि बघणारे चार जण होते.

स्वस्त कारणावर त्याचा विश्वास नसतो. पावसाळ्यात चिखलासाठी पायाखाली टाकलेले गोणपाट सरकून अ‍ॅक्सिलेटरवर चढते. केबल आतून गंजून अडकते, किंवा तिला ढील उरत नाही. पायडल परत खेचणारी स्प्रिंग मरते. हे पाहायला वाकावे लागते, आणि रेसतज्ज्ञ वाकत नाही. इंजिनाला डिझेल देणाऱ्या जुन्या पंपावर रेस कमी-जास्त करायचा एक स्क्रू असतो. तो कुणीतरी अर्धा आटा फिरवून ठेवलेला सापडतो, तेव्हा मात्र रेसतज्ज्ञ अचानक आभाळाकडे पाहू लागतो.

अलीकडे मोबाइलवर अमेरिकेतले पिकअप पाहून तो ‘व्हॅक्युम लीक’ म्हणायला शिकला आहे. तिथली बरीच पिकअप पेट्रोलवर चालतात. पेट्रोल इंजिनात हवेची वाट एका झडपेने आवळलेली असते, म्हणून आत निर्वात पोकळी (व्हॅक्युम) तयार होते. झडपेनंतरचा पाइप फुटला की जादा हवा आत शिरते आणि रेस चढते. जुन्या डिझेलमध्ये सहसा अशी आवळणारी झडपच नसते, रेस ठरते ती डिझेल किती जाते यावर. टर्बोनंतरचा हवेचा पाइप फुटला, तर गाडी काळा धूर सोडते आणि चढाला दम टाकते. डिझेल गाडीतला व्हॅक्युम येतो वेगळ्या पंपातून. तो बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीला असतो आणि ब्रेक हलका करतो. तो गळला तर ब्रेक कडक होतो, रेस वाढत नाही. पेट्रोलवाल्यांसारखा पाइपांवर ज्वालाग्राही स्प्रे मारण्याचा सल्ला तर डिझेलला घातकच, कारण तो स्प्रेच इंधन बनून आत जळतो.

१ एप्रिल २०२० पासून धुरावरचे बीएस-६ नियम आले आणि रेसतज्ज्ञाचे ज्ञान आणखी अडचणीत आले. या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी जाळी असते. काजळी साठली की गाडी ती स्वतःच जाळते आणि तेवढा वेळ काही गाड्यांची रेस चढी राहते. ‘बंद कर, बंद कर!’ असे ओरडून रेसतज्ज्ञ ते काम अर्ध्यावर तोडायला लावतो. असे वारंवार झाले की जाळी तुंबते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो.

खरोखर ओरडावे असा एकच प्रसंग असतो. चावी काढूनही रेस चढतच गेली आणि निळसर-पांढऱ्या धुराचे लोट निघाले, तर बहुधा टर्बोचे सील जाऊन इंजिन स्वतःचेच ऑइल पीत असते. तेव्हा वरचा गिअर टाकून, ब्रेक घट्ट दाबून क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पाडायचे, किंवा लांबूनच फळीने हवेचे तोंड झाकायचे. हात लावायचा नाही. या वेळी रेसतज्ज्ञ रस्त्यापलीकडे असतो.

त्याच्यावर मिस्त्री लोकांनी काढलेला उपाय म्हणजे त्याला चहा सांगायला पाठवणे. तेवढ्यात स्कॅनर जोडून होतो. इंजिनाला हात लावला तर चटका बसतो आणि पडद्यावर पाण्याचे तापमान १० अंश दिसते. सेन्सर खोटे सांगतो, म्हणून गाडी स्वतःला गार समजून रेस चढवत असते. सेन्सर बदलला की काम झाले. रेसतज्ज्ञ चहा घेऊन परततो, इंजिन ऐकतो आणि म्हणतो, ‘मी म्हणालोच होतो, सेन्सर.’ चहाचे पैसे ड्रायव्हर देतो.