अग्रलेख कुपनाच्या मागे

योहान गाल्टुंग आणि मारी रूगे या नॉर्वेच्या अभ्यासकांनी १९६५ साली बातमी कशाची होते याचे बारा निकष मांडले. त्यातला एक जवळिकीचा. आमच्या जिल्हा आवृत्त्यांनी तो न वाचताच पार तडीस नेला आहे. परदेशातलं युद्ध आतल्या पानात दीड कॉलम. तालुक्याच्या पानावर मात्र 'भावी नगरसेवका'चा वाढदिवस, काळा गॉगल, हातात मोबाइल आणि खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट आकाराचे तीसेक चेहरे. प्रत्येक चेहऱ्यामागे दोन-चार अंक खपतात, हे गणित संपादकापेक्षा जाहिरात विभागाला जास्त पक्कं येतं.

माध्यमं माणसांचं काय करतात यापेक्षा माणसं माध्यमांचं काय करतात ते बघा, असा माध्यम-अभ्यासक एलिहू कॅट्झ यांचा आग्रह होता. बघू या. आजोबा आधी निधनवार्ता चाळतात, काकू राशिभविष्य, आणि वहिनी कुपनं कापून तक्त्यावर चिकटवतात. एक कुपन चुकलं की स्टीलचा डबा हुकला, म्हणून गावाला जातानाही पेपर बंद होत नाही. अग्रलेख? तो बहुधा कुपनाच्या मागच्या बाजूला असतो.

पहिलं पान सणासुदीला तिसऱ्या किंवा पाचव्या पानावर सापडतं. त्याआधी बिल्डर, सराफ आणि कोचिंग क्लासवाले. खरं गिऱ्हाईक तेच. पाच-सात रुपये मोजणारा वाचक हा त्यांना विकायचा माल.

या मालाचीही प्रतवारी असते. इंग्रजी पेपरचा जाहिरातदर मराठीपेक्षा चढा असतो, आणि रद्दीवालाही त्यालाच किलोमागे जास्त पैसे देतो.