जांभळाचं थकीत खातं

पूर्वी माणूस नाशिकला गेला की गोदेचं पाणी आणि चिवडा घेऊन परतायचा. हल्ली तो मतं घेऊन परततो. मी तर पोतंभर आणली होती. तिथल्या एका द्राक्षमळ्यात टोपी घातलेल्या एका मुलीने आम्हा पर्यटकांना वाइन प्यायचं रीतसर शिक्षण दिलं होतं. ग्लास दांडीला धरायचा, कलता करून रंग बघायचा, गोल फिरवायचा, नाक आत घालून वास घ्यायचा आणि मग घोट तोंडात घोळवायचा. शेवटची पायरी सोडून बाकी सगळ्या मी त्या दिवसापासून घरीदारी करू लागलो. सोलकढीची वाटी गोल फिरवून तिचा ‘फिनिश’ लांब असल्याचं मी जाहीर केलं, तोवर बायको गप्प होती. आमटीला ‘बॉडी’ नाही म्हटल्यावर मात्र आमटीच बंद झाली.

या तयारीनिशी मी मे महिन्यात सासुरवाडीला सावंतवाडीकडे गेलो. सासूबाईंकडे संध्याकाळी सत्यनारायण होता. आमच्या सासूबाईंना दोन जावई. एक निर्व्यसनी आहे आणि दुसरा मी. साडू कुडाळचे. सुपारीचं खांडही तोंडात टाकत नाहीत. जेवणानंतर चिमूटभर बडीशेप, तीही मोजून. दुपारी तेच म्हणाले, “जवळच एक बापू म्हणून आहेत. बोंडू, जांभूळ, करवंदं, असल्या फळांची वाइन करतात. माणूस जरा विक्षिप्त आहे. पण वाइन हा तुमचा विषय.”

विषय माझा आहे हे कोणीतरी आपण होऊन मान्य केल्याचा तो पहिलाच प्रसंग. पूजेसाठी घातलेला पांढरा झब्बा न बदलताच मी गाडीत बसलो.

बापूंची सगळी नोकरी एका बँकेच्या कर्जवसुलीत गेलेली. निवृत्तीला बरीच वर्षं झाली, तरी बाजारात ते समोरून दिसले की काही लोक अजून मागच्या गल्लीने जातात म्हणे. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, दाराशी टेबल, टेबलावर स्टॅम्प पॅड. भिंतीवर वाइनरीचा सरकारी परवाना फ्रेममध्ये आणि शेजारी लक्ष्मी. दोघांनाही एकेक जास्वंद वाहिलेलं.

“हय बसा. आधी फॉर्म भरा.”

“आम्हाला फक्त चव बघायची होती.”

“कर्ज घेवक येणारो पण असाच म्हणता. ‘फक्त चौकशी करूक इलंय.’”

फॉर्ममध्ये नाव, वय, व्यवसाय, मद्याचा पूर्वानुभव आणि जामीनदार असे रकाने होते. आधी पाच रुपयांचा एक दिवसाचा सरकारी परवाना. तो फाडल्याशिवाय बापू फुलपात्राला हात लावू देत नाहीत. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदीचा कायदा अजून लागू आहे आणि त्या परवान्याच्या भाषेत नागरिक मद्य घेतो ते केवळ आरोग्य राखण्यासाठी. साडूंनी ते वाचून माझ्याकडे नव्याच आदराने बघितलं. मग मी पूर्वानुभवाच्या रकान्यात शिराझ, शेनँ ब्लाँ, कॅबर्ने असं लिहीत गेलो, जागा संपली, बाण काढून मागच्या पानावर गेलो. जामीनदार म्हणून साडूंनी सही केली. त्यांनी स्वतःच्या फॉर्मवर पूर्वानुभवापुढे ‘नाही’ एवढंच लिहिलं.

आत गेल्यावर पहिला धक्का बसला तो पासबुकांचा. प्रत्येक टाकीला आणि प्रत्येक निळ्या पिंपाला सुतळीने एकेक पासबुक बांधलेलं. जमा: बोंडूचा रस, साखर, यीस्ट. नावे: गाळ, बाष्प, चव बघणे. झाकणावरच्या पाण्याच्या नळीतून वायूचे बुडबुडे येत होते, त्यांचीही रोज सकाळी मोजून नोंद. बुडबुडे नियमित येतात ते खातं चालू. मंदावले की बापू पिंपाशी जाऊन बसतात आणि चौकशी करतात. वाइनची आंब वाढून सिरका झाला तर पासबुकावर तांबड्या शाईत ‘बुडीत’. पण तो सिरकाही ते फेकत नाहीत. मुद्दल नाही तर नाही, तारण तरी सोडायचं नाही, या न्यायाने त्यात मिरच्या घालून लोणचं करतात.

बोंडवांच्या टाकीपाशी मात्र ते बँक विसरले.

“पोर्तुगीजांनी काजू ब्राझीलहून हाडलो. वेंगुर्ल्याक सत्तावन सालापासून फळ संशोधन केंद्र हा. काजूच्या जातींवर जाती काढल्यानी. माझी कलमा थंयचीच, वेंगुर्ला चार आणि सात. पण समद्यांचा डोळो बियेवर! बी पिळून घेतल्यानी, बोंडू झाडाखाली कुसता. संत्र्याच्या पाचपट सी जीवनसत्त्व, नि खातत कोण? गुरां!”

सीमेपलीकडे गोव्यात हाच बोंडू चेचतात, रस आंबवतात, भट्टी लावतात. पहिल्या धारेची उराक, ती पुन्हा भट्टीत घातली की फेणी, आणि त्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. अलीकडे तोच बोंडू उकिरड्यावर. महाराष्ट्रात वाइन म्हटलं की द्राक्ष. सरकारने २००१ मध्ये खास धोरण आणलं तेही द्राक्षासाठी. यात बापूंचं चुकतंय असं मला आजही वाटत नाही. नाशिकच्या शेतकऱ्याचं भलं झालं, चांगलंच झालं. पण कोकणातला माणूस आपलंच फळ पायाखाली तुडवत गोव्याला फेणी आणायला जातो, हे बघून एखाद्या वसुली अधिकाऱ्याचं डोकं फिरलं तर नवल नाही. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन ठेवायला मान्यता दिली, तेव्हा त्यांनी उत्साहाने लेबलं छापून घेतली. पुढे गदारोळ झाला, निर्णय थंडावला. लेबलांचे गठ्ठे ते फॉर्मसाठी पाठकोरे वापरतात. माझ्या कॅबर्नेच्या मागे ‘करवंद, सौम्य गोड’ असं छापलेलं होतं.

अडचण अशी की बोंडूचा रस घसा धरतो. त्यातलं टॅनिन आधी बसवावं लागतं, मग रस गाळायचा. साखरही मुळात कमी. ब्रिक्स नावाच्या मापात साधारण दोन अंशांमागे एक टक्का मद्य मिळतं, म्हणजे द्राक्षाची बरोबरी करायची तर वरून साखर घालणं आलं. हे सगळं ते सांगत असताना मला कुठे तरी आपलं ज्ञान मध्ये घालायचं होतं. मी डोळे मिटले, खोल श्वास घेतला आणि म्हणालो, “धुरकट वास येतोय. ओकच्या पिंपात मुरवलेली दिसते.”

बापूंनी वाकून टाकीमागून एक घमेलं ओढलं. त्यात नारळाची सोडणं धुमसत होती.

“मच्छरांक,” ते म्हणाले.

यानंतर मुलाखत झाली. रसाचा ब्रिक्स किती असावा, या प्रश्नाला मी मातीचा गुण फळात कसा उतरतो हे सांगितलं. यीस्ट कधी घालायचं, याला मी चीज सुचवलं. साडूंनी दोन्ही प्रश्नांना “ठाऊक नाही” म्हटलं. बापूंनी चष्मा पुसला, दोन्ही फॉर्म समोर ठेवले आणि माझ्या फॉर्मवर शिक्का मारला: अर्ज नामंजूर. खाली कारण, सुवाच्य अक्षरात: ‘अर्जदार चव घेण्याआधी बोलतो.’

साडूंचा अर्ज मंजूर झाला.

“पण मी घेत नाही,” साडू म्हणाले.

“म्हणान तर! कोरा खाता. ह्येच्यासारखो ग्राहक गावणा नाय.”

स्टीलच्या फुलपात्रात दोन बोटं बोंडूची वाइन साडूंपुढे आली. भिडस्त माणूस. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा लक्ष्मीकडे बघितलं आणि औषध घेतल्यागत गिळली. थोडा वेळ गेला.

“मागून किंचित घसा धरला.”

“टॅनिन!” बापू उठून उभे राहिले. “एका घोटात सांगितल्यान! आणि हे नाशकापासून बडबडतहत.”

मला कोकम सरबत देऊन बाहेरच्या बाकावर बसवण्यात आलं. आतून साडूंचा आवाज येत होता. “ही आधीच्यापेक्षा मोकळी आहे.” “हिच्यात साल जास्त वेळ राहिलं का हो?” मी ही असली वाक्यं पैसे भरून शिकलो होतो आणि माझा साडू ती फुकट, आपल्या मनाने, बनवत होता.

बाकावरून मागची पडवी दिसत होती. तिथे जांभळाचं एक पिंप उभं होतं. बाकीची पिंपं बुडबुडत होती, हे एकटं गप्प. मी पासबुक बघितलं. कालपासून बुडबुडा शून्य आणि पुढे पेन्सिलीने ‘थकीत?’. प्रश्नचिन्ह बघून मला वाटलं, हीच संधी. बापूंना जे उमगत नाही ते आपण वासावरून सांगायचं. झाकण घट्ट होतं आणि थोडं फुगलेलंही. फुगलेलं का आहे, हा विचार करण्याइतकं शिक्षण नाशिकला झालं नव्हतं. मी पकड सैल केली, नाक जवळ नेलं आणि आतल्या मंडळींना ऐकू जावं म्हणून मोठ्याने सुरुवात केली, “बापू, याच्यात मला असं जाणवतं की—”

एक लिटर गोड रस आंबताना पन्नासेक लिटर कर्बवायू सोडतो, असं बापूंनी मला नंतर समजावलं. मी तेव्हा कौलांतून ठिबकणाऱ्या जांभळाखाली उभा होतो. सालींचा थर वर तरंगून नळीत अडकला, वायूला वाट राहिली नाही, आणि खातं थकलेलं नव्हतं, फक्त साठत होतं. मी त्याला वाट करून दिली. आवाज होताच दोघं धावत आले, पण माझ्याकडे साडू आले. बापू पिंपाकडे गेले. त्यांनी आत काठी घालून पातळी मोजली, पासबुक काढलं, माझ्याकडे आपादमस्तक बघितलं आणि ‘नावे’च्या बाजूला लिहिलं: ‘अर्जदाराच्या अंगावर, अंदाजे ६ लि.’

जांभळाचा डाग निघत नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण बापूंच्या मोरीत अर्धा साबण संपेपर्यंत त्यावर विश्वास बसला नव्हता. वर येणारा आंबूस वास तर साबणाने आणखी खुलला. साडू बाटल्यांची पिशवी सांभाळत मागे बसले. गाडी मीच चालवली, कारण त्या तिघांत परवाना फाडूनही न प्यायलेला माणूस मी एकटा होतो.

आम्ही पोचलो तेव्हा गुरुजी कलश मांडत होते. दारात सासूबाई. माझा झब्बा जांभळा, कान जांभळे, आणि माझ्याआधी चार पावलं माझा वास घरात शिरलेला. मागून साडू आले, कपडे पांढरेस्वच्छ, चेहऱ्यावर अपार शांती, तोंडात बडीशेप.

“तुम्ही बरोबर होतात म्हणून बरं,” सासूबाई त्यांना म्हणाल्या. “नाहीतर हे घरी तरी आले असते का!”

“आपण बघायचं त्यांच्याकडे,” साडू म्हणाले. प्रेमाने, हे त्यातलं वाईट.

“मी थेंबही घेतलेला नाही,” मी म्हणालो. “वास अंगाला येतोय. हवं तर जीभ बघा!” आणि पुराव्यादाखल सगळ्या आप्तेष्टांसमोर मी जीभ बाहेर काढली.

जीभ जांभळी होती. पिंप उडालं तेव्हा मी बोलत होतो.

बायकोने मला अंगणात नेऊन बसवलं. गुरुजींनी तीर्थ दिलं ते हात लांब करून. आतून आरती ऐकू येत होती. साडूंचा आवाज सगळ्यांच्या वर होता, आणि एरवी ओठ हलवणारा हा माणूस संपलेली आरती पुन्हा पहिल्यापासून घेत होता. सासूबाईंना गहिवरून आलं. मला तिथे उगीचच आठवलं, की त्या स्फोटात घोटभर वाइन माझ्या पोटातही गेली होती. आधी तुरट, मग हळूच गोड, आणि शेवटी बियांचा पुसट कडवटपणा. फार छान होती. इतक्या लोकांत हे कोणाला सांगायची सोय नव्हती.

जून लागला आणि पुण्याच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने नोटीस आली. अर्जदाराच्या अंगावर खर्ची पडलेली जांभूळ वाइन, मुद्दल इतकं, व्याज इतकं, कौलं धुण्याचा आकार वेगळा. प्रत माहितीसाठी: जामीनदार. मी ती मित्रांना दाखवून हसलो आणि खणात टाकून दिली. रात्री साडूंचा फोन आला.

“ते बापूंचं तेवढं भरून टाका हो.”

“अहो, जामीनदार असलात म्हणून घाबरताय काय? गंमत आहे ती.”

“घाबरत नाही,” साडू आवाज खाली आणून म्हणाले. मागे सासूबाईंचा टीव्ही चालू होता. “पण तुमचं खातं नियमित होईस्तोवर ते जामीनदाराला माल देत नाहीत. आणि करवंदाची परवाच बाटल्यांत भरलीय.”