डोमेनपंत

प्रत्येक गोतावळ्यात एक तरी डोमेनपंत असतात. दुसऱ्याच्या मनात धंदा काढायचा विचार डोकावायचा अवकाश, त्या धंद्याचं इंटरनेटवरचं नाव यांनी स्वतःच्या खिशातून घेऊन ठेवलेलं असतं. संकष्टीला मावशीचे उकडीचे मोदक खाऊन शेजारीण म्हणाली, "ऑर्डरी का नाही घेत?" मावशी नुसती हसली. तेवढ्यात पंतांनी कोपऱ्यात बसून 'बेस्टउकडीचेमोदकइनपुणे डॉट कॉम' नोंदवलंसुद्धा. "लोक शोधणार काय? हेच ना? मग गूगल जाईल कुठे!"

पंत नोकरीला विमा कचेरीत, पण जीव कीवर्डमध्ये. नाव सुटसुटीत असावं, लक्षात राहावं, असल्या गप्पांना त्यांच्याकडे थारा नाही. डॉटच्या आधी 63 अक्षरं चालतात आणि लोक जेमतेम दहा वापरतात, हे ते एफएसआय वाया गेल्याच्या हळहळीने सांगतात. शब्दांमध्ये मोकळी जागा सोडता येत नाही, म्हणून हायफन. हायफनवालं एक, बिनहायफनचं एक, शिवाय डॉट इन वेगळं.

खरी गंमत मराठी पदार्थ रोमन लिपीत उतरवताना येते. थालीपीठच घ्या. 'था'ला एक 'ए' की दोन? 'ली'ला 'आय' की डबल 'ई'? 'पी'ला काय? शेवटी नुसता 'टी' की पुढे 'एच'? दोनाचे चार, चाराचे आठ, आठाचे सोळा. गिऱ्हाईक कसंही टाइप करेल, म्हणून पंतांनी सोळाच्या सोळा घेतली. पुरणपोळीतला 'ळ' रोमन लिपीत नाहीच, हा तर त्यांना मराठीवरचा जुना अन्याय वाटतो. चुकलेलं स्पेलिंग गूगल हल्ली स्वतःच दुरुस्त करून घेतं, हे कुणी सांगितलं तर ते विषय बदलतात.

मध्यंतरी पंतांना स्वाभिमानाची उबळ आली. डॉट भारत 2014 साली निघालं होतंच. त्यांनी अस्सल देवनागरीत नाव घेतलं. यंत्राच्या पोटात मात्र अशा नावाचं 'एक्सएन', दोन हायफन आणि पुढे अगम्य अक्षरं असं रूप होतं. नेमकं तेच रूप कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडलं. धाकट्या मेव्हण्याने फसवणुकीची लिंक समजून पंतांनाच ब्लॉक केलं.

आता खरं सांगायचं तर पंतांची श्रद्धा अगदीच निराधार नव्हती. यलो पेजेसच्या काळात यादीत आधी यावं म्हणून दुकानाच्या नावापुढे दोन-तीन 'ए' लावणारे महाभाग होतेच. पुढे सर्च इंजिनांचं राज्य आल्यावरही जो शब्द शोधला तोच डोमेनमध्ये असला की बरेचदा पान वर यायचं, आत काही का असेना. 28 सप्टेंबर 2012 रोजी गूगलच्या मॅट कट्स यांनी जाहीर केलं, की नुसत्या नावाच्या जोरावर वर येणारी निकृष्ट पानं आता खाली जातील. अमेरिकेतल्या इंग्रजी शोधांपैकी 0.6 टक्क्यांवर परिणाम होईल, असा त्यांचा अंदाज होता. पंतांच्या मते तो सगळा 0.6 टक्का आपल्याच वाट्याला आला. तेव्हापासून त्यांच्या बोलण्यात 'बाराच्या आधी' आणि 'बारानंतर' असे दोनच कालखंड असतात. नावातल्या कीवर्डचा रँकिंगवर जवळपास काही परिणाम होत नाही, असं गूगलची मार्गदर्शिका आज स्वच्छ सांगते. "धंद्याची गुपितं कोण उघड करतं?" हे त्यावर पंतांचं उत्तर.

मला विचाराल तर नावांनी कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. चांगलं दुकान असेल तर लांबलचक पाटीही खपून जाते. पंतांच्या एकाही पाटीमागे दुकान नाही, एवढीच अडचण. कुठलाही पत्ता उघडा, 'लवकरच येत आहे' एवढंच दिसतं. येत वेळेवर असतं ते फक्त रिन्यूअलचं बिल.

सध्या त्यांचा मुक्काम अँग्विलात आहे. ते कॅरिबियन बेट, आणि डॉट एआय ही त्याची मालमत्ता. दर चढे, शिवाय निदान दोन वर्षांचे पैसे एकदम मोजायचे. "पण वाचून तरी बघ," पंत बायकोला म्हणाले, "थालीपीठ डॉट आई! जाहिरात करायलाच नको."

"आई एका 'ए'ने लिहितात की दोन?" तिने कणीक मळता मळता विचारलं.

पंत लगेच लॅपटॉप उघडून डॉट एएआय कुठल्या देशाचं आहे ते शोधायला बसले.